यामाहा आरडी बाइकचे मीटर बदलायचेत? आधी केबल बघ

भावा, चकचकीत फोटो बघून ऑनलाइन मीटर मागवू नकोस, आधी सुई का नाचतेय ते बघ, कारण बऱ्याच वेळा मीटर ठीकच असतो, चाकाकडून मीटरला फिरवणारी केबल कोरडी पडलेली असते. आतली तार काढून पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, वरची तीन-चार इंच मात्र कोरडी ठेवायची, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं.

तरी बदलायचाच असेल तर रेशो बघ, म्हणजे किलोमीटरला केबल किती फेऱ्या मारते ते, खरी गोम तिथेच आहे. जपानी स्पीडोमीटर बहुतेक किलोमीटरला १४०० फेऱ्यांचे असतात. केबल मीटरकडून सोडायची, तारेच्या टोकाला टेपचा झेंडा लावायचा आणि गाडी ढकलत पुढचं चाक १० वेळा फिरवायचं. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर झेंडा साधारण साडेसव्वीस वेळा फिरायला हवा. फारच कमी-जास्त भरला तर तो मीटर तुझ्या कामाचा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आरपीएमचंही (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर) तसंच, डायलवर बारीक अक्षरात १:४, १:७ असं काहीतरी छापलेलं असतं, जुन्याशी जुळव. अमेरिकेतून आलेल्या मीटरवर मैल असतात, ते बघून घे. बल्ब ६ व्होल्टचे की १२ चे तेही.

डिजिटल लावू नकोस, माझ्या मते आरडीवर ते शोभतच नाही. बसवल्यावर सकाळी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला जा, रस्ता रिकामा असतो, ६० वर धर आणि मागे बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायला सांग. चार-पाचचा फरक चालतो रे.