वाचक विचारतात : व्हिएतनामची खाऊगल्ली, इंदूरचं स्वयंपाकघर

या अंकासाठी इंदूरच्या वाचकांनी व्हिएतनामच्या खाण्याविषयी विचारलेले प्रश्न निवडले आहेत. काही जण तिकडे निघाले आहेत, काहींना घरीच करून बघायचं आहे. पदार्थांची नावं देवनागरीत जवळपासच्या उच्चाराने दिली आहेत. व्हिएतनामी भाषेत सुराची पट्टी बदलली की अर्थ बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी नावं त्यांच्या लिपीत फोनमध्ये उतरवून ठेवा आणि दुकानात सरळ दाखवा.

आम्ही दोघं साठी ओलांडलेले, अंडंही न खाणारे. डिसेंबरात हनोई, ह्वे, होई आन आणि सायगाव असा दौरा आहे. मुलगा म्हणतो, ठेपले आणि खाकरे बांधून न्या. तिथे रस्त्यावर आम्हाला खरंच काही मिळेल का? (रामबाग)

मिळेल, आणि चांगलं मिळेल. प्रवासाच्या दिवसापुरते ठेपले न्या, पुढे त्यांची गरज पडू नये. साध्या दुकानात जाऊन 'व्हेज' मागू नका. भाज्या दिसणाऱ्या पदार्थातही नुओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं खारं पाणी, असतंच. आपल्याकडे मीठ घालतात तितक्या सहज ते पडतं आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. म्हणून शोधायची ती पाटी 'चाय'ची. रोमन लिपीत सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं. बौद्ध परंपरेतलं हे शाकाहारी जेवण आहे. मासे, मांस आणि माशाचं पाणी यांना तिथे थारा नाही, आणि कडक पाळणारे कांदा-लसूणही घालत नाहीत. चहा हवा असेल तर मात्र 'चा' म्हणा, 'चाय' म्हटलंत तर शाकाहारी थाळी समोर येईल.

'कोम चाय' लिहिलेल्या दुकानात काचेमागे आठ-दहा भाज्या मांडलेल्या असतात. बोट दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. त्यातले कोंबडीसारखे किंवा माशासारखे दिसणारे तुकडे सोयाबीनचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात, बिचकू नका. 'फो चाय' (शेवयांचा रस्सा) आणि 'बान्ह मी चाय' (भरलेला पाव) यांच्या वेगळ्या गाड्याही असतात. अंड्यासाठी तेवढं स्पष्ट सांगा : 'खोंग चुंग', अंडं नको. साध्या दुकानात जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर 'तोइ आन चाय, खोंग नुओक माम'.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथली पुष्कळ माणसं शाकाहार पाळतात. त्या दिवशी चायच्या गाड्या वाढतात, गर्दीही होते. कालनिर्णय बघून एखादी पौर्णिमा ह्वेमध्ये गाठता आली तर जरूर गाठा. हे जुन्या राजधानीचं, पॅगोड्यांचं गाव, आणि इथला शाकाहारी स्वयंपाक देशात सर्वांत नाजूक मानला जातो.

सकाळच्या न्याहारीत 'सोइ सेओ' दिसेल : हळदीचा चिकट भात, वर वाटलेल्या मूगडाळीचे पातळ काप आणि तळलेला कांदा. दिसतो पूर्ण शाकाहारी, पण वरून सोडलेली चरबी बहुधा डुकराची किंवा कोंबडीची असते. चायच्या दुकानातलाच घ्या. मुगाचं गोड 'चे' मात्र निर्धास्त खा. मूग, नारळाचं दूध, साखर आणि बर्फ, एवढाच मामला.

आम्ही मांसाहारी आहोत, पण गोमांस खात नाही. कुठल्या गावात काय खावं? (राजेंद्र नगर)

सहा शब्द लक्षात ठेवा : 'बो' गाय, 'गा' कोंबडी, 'तोम' कोळंबी, 'का' मासा, डुकराला उत्तरेत 'लोन', दक्षिणेत 'हेओ'. फो हा भाताच्या चपट्या शेवयांचा रस्सा, तो नुसता मागितला तर बहुतेक ठिकाणी गोमांसाचाच येतो. 'फो गा' मागा, आणि जमल्यास फक्त फो गा विकणारं दुकान गाठा, म्हणजे रस्साही कोंबडीच्याच हाडांचा मिळेल.

हनोईत आमची पहिली शिफारस 'चा का'. हळद आणि गलांगल (आल्यासारखं मूळ) चोळलेले माशाचे तुकडे तुमच्यासमोरच्या तव्यावर मूठभर शेपू आणि कांद्याच्या पातीबरोबर परततात, खाली बारीक शेवया, वर शेंगदाणे. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनी हा पदार्थ खास खावा. 'बुन चा' म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आंबटगोड कोमट पाण्यात. हे दुपारचं खाणं आहे. अकरा ते एकच्या दरम्यान जा, संध्याकाळी मिळालं तरी बहुधा सकाळचं भाजलेलं असतं.

ह्वेचा प्रसिद्ध 'बुन बो ह्वे' गोमांसाचा, तो सोडा. तिथे 'बान्ह बेओ' घ्या : छोट्या बशांत वाफवलेल्या तांदळाच्या चकत्या, वर सुक्या कोळंबीचा चुरा. होई आनमध्ये 'कोम गा', म्हणजे हळदीच्या पिवळ्या भातावर हाताने सोडवलेली कोंबडी. तिथल्याच क्वांग नाम भागातला 'मी क्वांग' रुंद शेवयांचा, रस्सा फक्त तळाशी, वर शेंगदाणे आणि तिळाचा भाजलेला पापड. तो पापड मोडून मिसळायचा असतो, बाजूला ठेवून खाऊ नका. तिसरा 'काओ लाउ', शेवया राखेच्या पाण्यातल्या, चिवट आणि तपकिरी, वर डुकराचं मांस. सायगावात 'कोम ताम', कणीचा भात आणि भाजलेलं मांस. एकच सूचना : बान्ह मी पावात लावलेला पाते बहुधा डुकराच्या काळजाचा असतो. डुक्कर चालत नसेल तर 'बान्ह मी चुंग', ऑम्लेट भरलेला, मागा आणि पाते नको म्हणून सांगा.

तांदळाच्या कागदाचे ताजे रोल करताना कागद एकतर फाटतो नाहीतर बोटांना चिकटतो. (लोकमान्य नगर)

तुम्ही तो मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवत असणार. 22 सेंटिमीटरचा कागद पसरट ताटातल्या कोमट पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवा आणि कडक असतानाच बाहेर काढा. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यावर पसरला की अर्ध्या मिनिटात आपोआप लवचिक होतो. भरण खालच्या तिसऱ्या भागात, आडवं, बोटभर जाड : लेट्यूस, उकडून गार पाण्यातून काढलेल्या बारीक शेवया, काकडी, गाजर, पुदिना, परतलेलं टोफू. पाणी सुटणारं काही नको, काकडीचा बियांचा भाग काढून टाका. एक वेढा घट्ट द्या, बाजू आत मोडा, मग पुढे लोटा.

इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघड्या पुड्यातले कागद आपसूक तडकतात. पुडा डब्यात बंद ठेवा. तयार रोल ओल्या फडक्याखाली, एकमेकांना न चिकटता ठेवा, फ्रिजमध्ये नकोत. गारठ्याने कागद चामड्यासारखा होतो. दोन तासांत संपतील एवढेच करा.

'बान्ह सेओ' दोनदा केला, कुरकुरीत होतच नाही. मध्ये लिबलिबीत राहतो. (सुदामा नगर)

बान्ह सेओ म्हणजे मोड भरून दुमडलेलं तांदळाचं पिवळं घावनच. घावन ज्यांना जमतं त्यांना हाही जमतो, फक्त काही गोष्टी वेगळ्या आहेत. आधी प्रमाण : तांदळाची बारीक पिठी 200 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 2 मोठे चमचे, हळद 1 छोटा चमचा, मीठ पाऊण चमचा, नारळाचं दाट दूध 150 मि.लि. आणि पाणी 350 मि.लि. आंबवायचं नाही, अंडं नाही. अर्धा तास झाकून ठेवा. पिठी तळाशी बसते, म्हणून दर वेळी डाव घालण्यापूर्वी तळापासून ढवळा. न ढवळता घातलेला पहिला पातळ होऊन फाटतो आणि शेवटचा जाड होतो.

तवा खोलगट, बिडाचा किंवा नॉनस्टिक. मोठा चमचाभर तेल, त्यात कांद्याच्या आणि मशरूमच्या चकत्या परता. मशरूमचं पाणी पूर्ण आटू द्या. मग आच मोठी करून 80-90 मि.लि. पीठ घाला आणि लगेच तवा फिरवा. चरचर आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही, थांबा. अर्ध्या भागावर मोड पसरा, एक मिनिट झाकण ठेवा. त्यानंतर झाकण काढाच. पुढची तीन-चार मिनिटं मध्यम आचेवर उघडं ठेवून कडेने तेल सोडा. कडा तव्यापासून स्वतःहून सुटल्या की दुमडा. लिबलिबीत होण्याचं कारण बहुतेक वेळा झाकण जास्त वेळ राहणं किंवा मोड जास्त पडणं हे असतं. एका बान्ह सेओला मूठभरच मोड. नारळाचं दूध वाढवलं तरीही तो मऊ पडतो.

आपले उसळीचे मोड इथे चालत नाहीत. लांब पांढरे मोड हवेत. मूग रात्रभर भिजवून, तळाला भोकं असलेल्या डब्यात ओल्या फडक्यावर पसरा, वर फडकं आणि त्यावर किलोभर वजन. डबा पूर्ण अंधारात, दिवसातून तीन-चार वेळा पाणी घालून निथळायचं. चार-पाच दिवसांत बोटभर लांब, जाड मोड येतात. वजनामुळे ते जाड होतात, उजेड लागला तर हिरवे आणि कडवट होतात.

खायची रीत निम्मा पदार्थ आहे. काट्याने खाऊ नका. तुकडा लेट्यूसच्या पानात, त्यात पुदिना-कोथिंबीर, गुंडाळी करून नुओक चाम या आंबटगोड पाण्यात बुडवायची. उरलेलं पीठ थोडं दाट करून आप्पेपात्रात घाला. वुंग ताउचा 'बान्ह खोत' याच धर्तीचा असतो, वर कोळंबी लावलेली.

ते नुओक चाम माशाच्या पाण्याशिवाय कसं करायचं? (स्नेहलतागंज)

मूळ प्रमाण असं : माशाचं पाणी 1, लिंबाचा रस 1, साखर 1, कोमट पाणी 4 ते 5 भाग. शाकाहारासाठी एक भाग माशाच्या पाण्याऐवजी पाऊण भाग फिका सोया सॉस, चिमूटभर मीठ आणि एक चमचा अननसाचा रस. तिथलं शाकाहारी नुओक मामही अननस, सोयाबीन आणि मीठ यांचंच करतात. साखर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, पाणी गार झाल्यावर लिंबू पिळा, लसूण-मिरची अगदी शेवटी. गरम पाण्यात लिंबू पिळलं तर कडवटपणा येतो. काळा, दाट सोया सॉस नको, रंगही बिघडतो आणि चवही. आपलं कागदी लिंबू यासाठी उत्तम. जीरावण मात्र यात घालू नका, जिऱ्याने सगळं एकाच चवीचं होतं.

शाकाहारी फो केला, तर मसाल्याच्या काढ्यासारखा लागला. (वैशाली नगर)

मसाला जास्त आणि भाजी कमी झाली. दोन लिटर पाण्याला चक्रफूल 2, दालचिनी बोटभर, लवंगा 3, मसाला वेलची 1, धणे 1 चमचा, एवढंच, कोरडं भाजून पुरचुंडीत. चाळीस मिनिटांनी पुरचुंडी काढून टाका, चक्रफूल जास्त वेळ राहिलं की औषधी वास येतो. रश्श्याला अंग येतं ते भाज्यांनी : एक मोठा कांदा आणि तीन इंच आलं गॅसच्या ज्योतीवर काळं होईपर्यंत भाजून, वरची काजळी पुसून घाला. त्यात पांढरा मुळा, गाजर, पाच-सहा सुकी शिटाके मशरूम आणि कणसं. भुट्ट्याच्या किसानंतर जी किसलेली कणसं आपण फेकतो, तीच इथे घाला, उत्तम गोडवा येतो. दीड तास मंद आचेवर, खदखदू न देता, नाहीतर रस्सा गढूळ होतो. शेवटी मीठ, सोया सॉस आणि खडीसाखरेचा एक खडा.

वर घालायच्या पानांसाठी तुळस नको, वास फार उग्र आहे. सब्जाचं बी कुंडीत पेरा. त्याची पानं तिथल्या पानांच्या सर्वांत जवळची, वनस्पतीही तीच.

बान्ह मी साठी कुठला पाव? (राजेंद्र नगर)

आपला लादीपाव नाही. बेकरीतून लांब, बाहेरून कडक पाव घ्या. पाण्याचा हात फिरवून 180 अंशावर पाच-सहा मिनिटं तापवा, कवच कुरकुरीत आणि आतला भाग हलका होतो. लोणच्यासाठी गाजर आणि मुळा काडीसारखे चिरून, मीठ-साखर चोळून, काडी न मोडता वाकेपर्यंत मळा. धुवा, पिळा, मग सारखंच व्हिनेगर आणि पाणी, त्यात पाव भाग साखर, अशा पाण्यात बुडवा. तासाभरात खाता येतं, फ्रिजमध्ये पंधरवडा टिकतं. पिळायला आळस केला तर पाव भिजतो.

कॉफीचं फिन गाळणं आणलं आहे. कधी भरकन गळते, कधी थेंबही पडत नाही. (लोकमान्य नगर)

पूड 20 ग्रॅम, मध्यम-जाड दळलेली, गडद भाजलेली रोबस्टा. भरकन गळली तर दळण जाड आहे किंवा वरची चकती सैल. अडली तर दळण बारीक किंवा चकती घट्ट दाबली. आधी 25 मि.लि. गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबा, मग 100 मि.लि. चार-पाच मिनिटांत गळली पाहिजे. पेल्यात आधीच दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क ठेवा, ढवळून बर्फावर ओता. हनोईची अंड्याची कॉफी 1946 मध्ये दुधाच्या टंचाईत सुरू झाली. तिच्यात कच्चा बलक असतो, हे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पोटाची आणि पैशांची काळजी कशी घ्यावी? (रामबाग)

गरम रस्सा, तव्यावरचं आणि गर्दीच्या वेळचं खा. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, फोडलेल्या लादीचा टाळा. कच्च्या पानांचा ढीग पहिल्या दिवशी संपवू नका, रश्श्यात बुडवून खा. नोटांमध्ये 20,000 आणि 500,000 डोंग दोन्ही निळ्या असतात, शून्यं मोजून द्या. आणि तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आठवड्यात जाऊ नका. ते 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं, आणि तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या बंद असतात.