नाल्यात चरे पडलेला दगड सापडला, म्हणजे तिथे कधीकाळी हिमनदी होती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नाल्यात सापडलेल्या चरे पडलेल्या दगडावरून तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी हिमयुग होतं असं म्हणता येईल का, आणि ते किती जुनं हे कसं ठरवतात. पहिल्याचं उत्तर नाही. त्या एका दगडावरून अजिबात नाही. दुसऱ्याकडे नंतर येते, कारण याच पहिल्या प्रश्नावरून माझी आणि आमच्या एका सरांची वीस वर्षांपूर्वी नाल्यात उभं राहून वादावादी झाली होती. माझ्या बाजूनं ती अजून संपलेली नाही.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं फील्डवर्क होतं, तालचीर बघायला गेलो होतो. तालचीर म्हणजे गोंडवना (भारत ज्याचा भाग होता तो प्राचीन दक्षिणी महाखंड) काळातल्या कोळशाच्या पायाशी असलेला खडकाचा थर. १८५६ साली ओडिशातल्या तालचेर खोऱ्यात ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूशास्त्रज्ञांनी बारीक चिखलात रुतलेले भलेमोठे धोंडे पाहिले आणि हे बर्फानं आणले असावेत असं म्हटलं. अगासी या शास्त्रज्ञानं युरोपातल्या हिमयुगाची कल्पना मांडून जेमतेम वीस वर्षं झाली होती, आणि हे तिघे उष्ण कटिबंधातल्या खडकात बर्फ बघत होते! पुढे १८७० च्या दशकात फेडन या भूशास्त्रज्ञांना चंद्रपूरजवळ इरई इथे तालचीरच्या खालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर चरे पडलेला सापडला. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच त्यांचं नाव घेऊन कुणी न बघताच निष्कर्ष काढला की मला राग येतो.

तर नाल्याची ती भिंत. दोन पुरुष उंच, हिरवट करडा चिखलखडक, त्यात बोराएवढ्यापासून माठाएवढे गोटे कसेही रुतलेले. प्रतवारी नाही, म्हणजे बारीक-मोठं वेगळं झालेलं नाही, आणि थर नाहीत. सरांनी एका गोट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे चरे बघा. लिहा, टिलाइट." म्हणजे हिमनदीनं टाकलेल्या राड्याचा खडक. चौदा जणांनी लिहिलं.

मी भिंग लावून बघत होते. चरे गोट्यावर होते हे खरं, पण ते गोट्याच्या कडेला थांबत नव्हते. गोट्यावरून सरळ शेजारच्या चिखलखडकावर जात होते आणि तिथून पुढच्या गोट्यावर, सगळे एकाच दिशेनं. मधेमधे कॅल्साइट या खनिजाचे पांढरे तंतू आणि बारीक पायऱ्या होत्या. एका दिशेनं हात फिरवला तर गुळगुळीत लागे, उलट दिशेनं अडके. हा तर स्लिकनसाइड. थर पूर्ण दगड झाल्यावर त्यात प्रस्तरभंग झाला, म्हणजे तो तुटून सरकला, दोन बाजू एकमेकींवर घासल्या आणि वाटेत आलेलं सगळंच चरत गेलं. हिमनदीच्या तळाशी घासला गेलेला गोटा आधी चरतो आणि मग चिखलात पुरला जातो. त्यामुळे त्याचे चरे त्याच्यापुरतेच असतात. गोटा काढून फिरवून बघितला तर मागच्या बाजूलाही ते सापडू शकतात, आणि बहुधा दोन-तीन वेगवेगळ्या दिशांचे असतात, कारण तो बर्फात धरलेला असताना मधेच वळतो.

मी म्हटलं, "सर, हे चरे गोटा पुरला गेल्यानंतरचे आहेत." ते म्हणाले, "तालचीरमध्ये टिलाइट नाही तर कुठे असणार?" मी वहीत लिहिलं: प्रतवारी नसलेला गोटेमिश्रित चिखलखडक, चरे प्रस्तरभंगाचे, हिमनदी की चिखलाचा लोट, इथल्या पुराव्यावरून ठरवता येत नाही. त्यावर लाल रेघ आली. तोंडी परीक्षेत हाच विषय पुन्हा काढून गुणही कापले.

गुणांचं दुःख कधीच संपलं. पण त्या रेघेत जी समजूत होती ती मला मुळातूनच चुकीची वाटते. मोठे गोटे आणि बारीक चिखल एकत्र दिसले की हिमनदी, हे समीकरण आपल्या सरांच्या खूप आधी मोडलं होतं. क्रोवेल या भूशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये दाखवलं की समुद्रतळाच्या उतारावरून चिखल आणि गोटे घसरले तरी असाच खडक तयार होतो, बर्फाचा एक कणही न लागता. बॉस्टनजवळचा स्क्वांटमचा थर कित्येक दशकं टिलाइट म्हणून शिकवला गेला, आणि १९६१ मध्ये डॉट यांनी तो पाण्याखाली घसरलेला राडा असल्याचं मांडलं. ज्वालामुखीच्या उतारावरचे लोटही तसाच खडक मागे ठेवतात. म्हणून तर १९६० मध्ये फ्लिंट, सँडर्स आणि रॉजर्स यांनी 'डायमिक्टाइट' हा शब्द सुचवला. त्यात उत्पत्तीचा दावा नाही, समोर काय दिसतं तेवढंच आहे. टिलाइट म्हणजे हिमनदीनं टाकलेलं, डायमिक्टाइट म्हणजे बारीक-मोठं सगळं एकत्र. पहिला शब्द कमवावा लागतो. तुम्ही तुमच्या दगडाला नाव द्यायची घाई करू नका असं मी म्हणते ते याचमुळे.

नऊ वर्षांनी मी त्याच नाल्यात गेले, एकटी, रजा काढून. तोवर मी कोळशाच्या शोधकामात होते, रोज कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यांच्या, पेट्या बघायचे. त्या कामात 'तालचीर लागला' म्हणजे बोअर बंद, कारण त्याखाली कोळसा मिळत नाही. सगळे पेटीवर झाकण ठेवून मोकळे होतात आणि मी मात्र शेवटच्या त्या हिरव्या शेलपाशी, म्हणजे पापुद्र्यांच्या चिखलखडकापाशी, बसून राहायची. सुयांसारख्या काड्या पडतात त्याच्या. जोडीच्या वालुकाश्मात फेल्डस्पार या खनिजाचे कण इतके ताजे की भिंगाखाली चमकतात. उष्ण-दमट हवेत फेल्डस्पार कुजून माती होतो. तो धडधाकट राहिलाय म्हणजे कण थंड हवेत झिजले किंवा फार झपाट्यानं पुरले गेले.

नाल्यात या वेळी त्या भिंतीपाशी थांबलेच नाही. वळणापलीकडे वर चढले. तिथे शेल होता, कागदासारखे पापुद्रे, एकावर एक, हजारो. आणि त्यात मुठीएवढा ग्रॅनाइटचा एकच गोटा. त्याच्या खालचे पापुद्रे दाबले जाऊन वाकले होते, दोन फाटले होते. वरचे पापुद्रे त्याच्या पाठीवरून चादरीसारखे गेले होते. मी तिथे पाऊण तास बसले होते. पापुद्रे इतके बारीक साचायला पाणी संथ लागतं. एवढा गोटा ढकलत आणणारा प्रवाह असता तर पापुद्रे उरलेच नसते. म्हणजे गोटा बाजूनं आलेला नाही, वरून पडला. संथ पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला आणि त्यानं धरून आणलेला गोटा तळाच्या मऊ चिखलात रुतला. हा ड्रॉपस्टोन. थोड्या अंतरावर आणखी चार सापडले, आणि चिखल-वाळूच्या गोळ्यांचे छोटे पुंजकेही, जणू गोठलेल्या गाळाचा तुकडा आख्खाच खाली पडला.

हे मी ज्यांना ज्यांना सांगते ते म्हणतात, म्हणजे सर बरोबरच होते की! नव्हते. तिथे बर्फ होता हे बरोबर निघालं, पण त्यांनी दाखवलेल्या चऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी त्याच पद्धतीनं ते दुसऱ्या नाल्यात चुकले असते आणि चौदा नव्या वह्यांत तेच उतरलं असतं. एक मात्र मान्य करते, भिंतीचं मापात चित्र काढायला मला त्यांनीच शिकवलं, आणि तो गोटा मला दिसला तो चित्र काढताना.

आता वयाचं. गोट्याचं वय काढून उपयोग नाही, तो थरापेक्षा कितीतरी जुना असतो. थरात ज्वालामुखीची राख सापडली तर तिच्यातल्या झिरकॉन या खनिजावरून वय मिळतं. नाहीतर परागकण आणि जीवाश्म. तालचीर ढोबळमानानं ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत तेव्हा गोंडवनात खूप दक्षिणेला होता. सहारात ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या खुणा आहेत, कॅनडातल्या ह्युरोनियन थरांत २०० कोटींहून जुन्या. साधारण ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी दोनदा तर बर्फ विषुववृत्ताजवळच्या समुद्रापर्यंत पोचला होता. त्या थरांवर लगोलग चुनखडक-डोलोमाइटची टोपी बसलेली असते आणि ती का, यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

तुमच्या दगडाबाबत अडचण ही की तो नाल्यात सुटा सापडला. तो कुठल्या थरातून आला हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वरच्या अंगाला चालत जा, तसाच गोटा भिंतीत रुतलेला मिळतो का बघा, आणि मिळाला तर उपटू नका. आधी फोटो, चऱ्यांची दिशा, आणि चरे शेजारच्या खडकावर जातात का ते. चरे नसले म्हणून निराश होऊ नका, खऱ्या टिलाइटमध्येही बहुतेक गोट्यांवर ते नसतात. सपाट घासलेल्या बाजू आणि बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता आकार जास्त बोलका असतो.

ड्रॉपस्टोनबद्दल वर मी फार ठामपणे लिहिलंय, तर तेही सांगते. वाहत गेलेल्या झाडाच्या मुळांत अडकलेले दगड आणि समुद्रशेवाळाला धरून तरंगलेले दगडही असेच तळाशी पडतात. ज्वालामुखी जवळ असेल तर उडून आलेले धोंडेसुद्धा. एकच गोटा असेल तर या शक्यता आधी बघाव्या लागतात. मी त्या दिवशी पाचही गोट्यांभोवती कोळसलेलं लाकूड आहे का ते शोधलं होतं. नव्हतं.