वॅरिगेटेड जिम्नोकॅलिशियमचा रंग बदलतो तेव्हा आधी काय पाहावे

नमस्कार ताई. आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: मागच्या हिवाळ्यात इंदूरच्याच एका नर्सरीतून आपण ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलेले लाल-पिवळे-हिरवे वॅरिगेटेड, म्हणजे एकाच अंगावर वेगवेगळे रंग असलेले, जिम्नोकॅलिशियम मिहानोविची हे गोल कॅक्टस आणले. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याचा लाल भाग फिका पडला, पावसाळ्यात हिरवा भाग वाढून पिवळ्या कंगोऱ्यांवर चढू लागला, आणि आता दिवाळीनंतर माथ्याजवळची कांती जांभळट-काळी दिसते आहे. शिवाय बुडाशी एक संपूर्ण पिवळे पिल्लू आले आहे. हा रोग आहे का आणि कोणते खत किंवा औषध द्यावे, असे आपण विचारले आहे. आपल्या वर्णनात एकच नव्हे तर तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणतेही खत-औषध देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्या वेगळ्या करण्यासाठी एकच निरीक्षण पुरते: रंग जुन्या कांतीवर बदलला आहे की नव्या वाढीत? गोल कॅक्टसची नवी वाढ माथ्याच्या मध्यबिंदूतूनच होते. तिथले कंगोरे सर्वांत कोवळे असतात आणि बुडाकडे जावे तसतसे ते जुने होत जातात. त्यामुळे आधीच तयार झालेल्या कंगोऱ्याचा रंग ऋतूप्रमाणे गडद-फिका होत असेल, तर तो पेशींतील रंगद्रव्यांचा खेळ असतो आणि बहुधा परत फिरतो. माथ्यातून निघणारा नवा कंगोराच वेगळ्या रंगाचा येत असेल, तर पेशींचे कूळ बदललेले असते, आणि तो बदल ऊन, पाणी किंवा खत यांनी परतवता येत नाही. तिसरी शक्यता इजेची. तिथे रंगाबरोबर पोतही बदलतो: कांती खरखरीत, कोरडी, खोल गेलेली किंवा मऊ लागते. म्हणून नुसते पाहू नका, काटे सांभाळून बोटाने चाचपूनही पाहा.

आता रंगद्रव्यांविषयी, कारण येथे गैरसमज फार आहेत. जास्वंद किंवा जांभळाला ज्यामुळे लाल-जांभळा रंग येतो ती अँथोसायनिन कॅक्टसमध्ये नसतातच. कॅक्टसच्या लाल-जांभळ्या छटा बीटालेन या गटातल्या द्रव्यांमुळे येतात, आणि बीटचा रंगही त्यांचाच असतो. पिवळा रंग काही अंशी याच गटातल्या द्रव्यांमुळे आणि काही अंशी कॅरोटिनॉइडांमुळे दिसतो. साध्या हिरव्या मिहानोविचीतही बीटालेन असते, पण हरितद्रव्यावर ते पसरले की डोळ्यांना तपकिरी-जांभळट करडेपणा दिसतो. हरितद्रव्य नसलेल्या पेशींत तेच द्रव्य लालभडक उठून दिसते. १९४०च्या दशकात जपानमध्ये रोपांच्या वाफ्यांतून निवडून काढलेली संपूर्ण लाल रोपे, जी आज मून कॅक्टस म्हणून सर्वत्र विकली जातात, ती याच जातीची. त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, म्हणून ती जन्मभर खुंटावर जगतात.

यावरून आपल्या रोपाचा उन्हाळा समजतो. ही जात मुळात दक्षिण अमेरिकेतील ग्रान चाकोच्या झुडपाळ प्रदेशातली असून तिथे ती झुडपांच्या विरळ सावलीत वाढते. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवरची फरशी व कुंडी त्याहूनही तापतात. पिवळ्या-लाल पेशींना हरितद्रव्याचा आधार नसल्याने जास्तीचा प्रकाश पचवता येत नाही, आणि रंग विटतो. दुसरे कारण रात्रीचे आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कॅक्टस दिवसा रंध्रे मिटून ठेवतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो. त्यासाठी रात्र गार असावी लागते. मालव्याच्या रात्रींची ख्याती त्यांच्या गारव्यासाठी आहे, आणि वर्षातील बरेच महिने ती कॅक्टसच्या पथ्यावर पडते; पण नवतप्यात सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि रोप दिवसरात्र ताणाखाली राहते. अशा वेळी विटलेला रंग पावसाची झड लागल्यावर पुष्कळसा परत येतो. मात्र जिथे कांती पांढुरकी होऊन पुढे कागदासारखी कोरडी व बदामी झाली असेल, तो उन्हाचा चट्टा समजावा. तो भाग मेलेला असतो आणि व्रण म्हणून कायम राहतो. तो खरवडू नये किंवा त्यावर काही लावू नये.

सध्याचा जांभळट काळेपणाही रंगद्रव्यांच्या खेळातच बसतो. पावसाळाभर ढगाळ उजेडात राहिलेल्या रोपावर ऑक्टोबरचे स्वच्छ ऊन पडले आणि पाठोपाठ रात्री गार झाल्या, की बीटालेन वाढते. हिरव्या आणि अर्धवट हिरव्या भागांवर ते चढले की आलुबुखाऱ्यासारखी गडद छटा येते. कांती घट्ट असेल, रंग उन्हाच्या बाजूला अधिक आणि सावलीच्या बाजूला कमी असेल, तर निश्चिंत असावे. माझ्या मते मिहानोविचीचे सर्वांत देखणे रूप हेच असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढ सुरू झाली की ही छटा आपोआप उतरते.

हिरवा भाग पिवळ्यावर चढतो आहे, ही गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. वॅरिगेटेड रोप हे एकाच देहात नांदणारी पेशींची दोन कुळे असते: एका कुळाच्या पेशींत हरितद्रव्य तयार होते, दुसऱ्याच्या पेशींत होत नाही. वनस्पतिशास्त्रात यास कायमेरा म्हणतात. माथ्यातील वर्धनशील पेशी थरांनी रचलेल्या असतात, आणि कोणत्या थराच्या किती भागात कोणते कूळ आहे यावर पुढे निघणारा कंगोरा कोणत्या रंगाचा होणार हे ठरते. वाढीच्या ओघात एका कुळाची पेशी सरकून दुसऱ्याची जागा घेऊ शकते. हिरवी कुळे स्वतःचे अन्न बनवतात, त्यामुळे त्यांची वाढ जोमदार असते आणि कालांतराने तीच वरचढ ठरण्याकडे कल असतो. पावसाळ्यात आपल्याला हे ठळक दिसले, कारण पाणी आणि नत्र भरपूर मिळाल्याने हिरवा भाग भराभर फुगला. पिवळ्या पेशी हिरव्या झाल्या असे नव्हे. काही वॅरिगेटेड रोपांत कोवळी वाढ फिकी येऊन पुढे हिरवी होते, हे खरे आहे. परंतु आपल्या रोपात रंगांच्या सीमारेषा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट आहेत असे आपण लिहिले आहे, आणि तशा रेषा कुळांच्याच असतात.

यावर उपाय काय? खांबासारख्या वाढणाऱ्या कॅक्टसमध्ये हिरवी झालेली फांदी कापून टाकता येते. गोल रोपात तसे करता येत नाही. येथे उपयोगी पडते ते काट्यांच्या पुंजक्याचे ज्ञान. पिल्लू त्या पुंजक्यातूनच फुटते आणि त्या जागच्या पेशींचे कूळ घेऊन येते. म्हणून पूर्ण पिवळ्या भागातल्या पुंजक्यातून बहुधा पूर्ण पिवळे पिल्लू येते, हिरव्या भागातून हिरवे, आणि दोन रंगांच्या सीमेवरच्या पुंजक्यातून दुरंगी पिल्लू मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. आपल्या रोपाच्या बुडाशी आलेले पिवळे पिल्लू हा दोष नाही. ते पिवळ्या कंगोऱ्यावर आले असणार, हे एकदा पाहून घ्या. ते वेगळे काढून मातीत लावू नये, कारण स्वतःच्या मुळांवर ते उपाशी मरेल. सीमेवर पिल्लू फुटले तर ते मात्र जपावे, कारण मूळ रोप पुढे पूर्ण हिरवे झाले तरी रंग त्या पिल्लातून पुढे चालू राहील.

खतांविषयी आपण विशेष विचारले आहे. नत्रयुक्त खत या घडीला देऊ नये; त्याने हिरवा भाग आणखी जोर धरेल आणि हिवाळ्याच्या तोंडावर आलेली लुसलुशीत वाढ सडण्यास सोपी असते. एक फसवी गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बोअरचे जड पाणी सतत घातले की मातीचा सामू (पीएच) चढतो, मुळांना लोह मिळेनासे होते आणि माथा पिवळा पडतो. हौशी माणसाला वाटते, वॅरिगेशन वाढले. फरक असा की लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा सर्व कंगोऱ्यांवर सारखा येतो आणि हळूहळू हिरव्यात विरत जातो, तर वॅरिगेशन एखाद्या पट्ट्यापुरते असते आणि त्याची कड स्पष्ट असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमत असेल तर पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, आणि वसंतात माती बदलावी. आपल्याकडची काळी माती या कामाला अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर भेगाळून मुळे तोडते. विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडे जुने पानखत एवढे मिश्रण पुरेसे आहे.

काळजी करावी अशी लक्षणे थोडी आहेत, पण ती ओळखता यायला हवीत. माथ्यापासून सुरू होऊन खाली पसरणारा, गंज चढल्यासारखा बारीक तपकिरी थर लाल कोळ्यांचा असतो. भिंगातून पाहावे आणि कोळीनाशकच वापरावे, साध्या कीटकनाशकाने ते बहुधा हटत नाहीत. सीमारेषा नसलेले, फिके, ठिपक्याठिपक्यांचे चट्टे नव्या वाढीत येत असतील तर विषाणूचा संशय घ्यावा. कॅक्टस व्हायरस एक्स हा विषाणू रसातून, म्हणजे कलमाच्या पात्यातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून दोन रोपांच्या मध्ये पाते ज्योतीवर धरून निर्जंतुक करणे ही सवय लावून घ्यावी. बुडाशी किंवा सांध्याशी नारिंगी-तांबूस मऊपणा दिसला तर ती बुरशीची सड असते. निरोगी भाग येईपर्यंत कापावे, आणि कापलेल्या पृष्ठावर रंगीत ठिपक्यांचे कडे दिसत असेल तर अजून वर कापावे.

आपल्या रोपाला खरा धोका यांपैकी कशाचाच दिसत नाही. धोका आहे खुंटाला. ड्रॅगनफ्रूट उष्ण प्रदेशातले झाड आहे. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि ओल्या मातीत तो खुंट पिवळा पडून मऊ होऊ लागतो. मग वरचे रोप सर्व बाजूंनी सारखे निस्तेज होऊन आक्रसते, आणि लोक वरच्या रंगावर उपचार करत बसतात. आत्तापासून कुंडी रात्री घरात किंवा दक्षिणेकडच्या भिंतीलगत आडोशाला घ्यावी, माती पूर्ण कोरडी झाल्यावरच सकाळी थोडे पाणी द्यावे, आणि मावठ्याचा पाऊस अंगावर पडू देऊ नये. वरच्या भागाला सावली हवी असली तरी खुंट हिरवाच आहे आणि सगळ्यांचे अन्न तोच बनवतो, म्हणून त्याला सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळालेच पाहिजे. पिवळे पिल्लू वेगळ्या खुंटावर चढवायचे असल्यास मार्चपर्यंत थांबावे; तोवर ते वाटाण्याहून मोठे झालेले असेल आणि खुंटातही रस चढलेला असेल. त्या वेळी ताजा, कोवळा खुंट निवडावा आणि कापल्यावर दोन्ही बाजूंची रसवाहिन्यांची कडी कुठेतरी एकमेकांवर येतील अशी बेतशीर बैठक द्यावी.