पट्टा, वादी, बंद, तंग: हे सगळं एकच नाही

तुम्ही विचारलंय की ‘पट्टा’ या शब्दाला समानार्थी शब्द कोणते आणि ते रोजच्या बोलण्यात कुठे येतात. शब्द सांगते, पण त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी सरळ बसत नाही. शब्दकोशात एका ओळीत छापले म्हणून त्यांचा अर्थ एक होत नाही. यावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

आमचे आप्पा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सप्ताह ऐन रंगात आलेला आणि सकाळी पखवाजाची वादी तुटली. पखवाजाच्या दोन्ही तोंडांभोवती कातड्याचे वेणीसारखे गजरे असतात, त्यांतून ओवत नेलेली कातड्याची लांब पट्टी म्हणजे वादी. तिच्याखाली लाकडी गठ्ठे असतात, ते ठोकून सूर चढवायचा-उतरवायचा. ती सलग ओवलेली असते, त्यामुळे एका घरात, म्हणजे वादीच्या एका टप्प्यात, तुटली की शेजारच्या घरांचाही ताण सुटत जातो. मग त्या वाद्यावर नुसती थाप मारता येते, सूर लागत नाही.

चुलतभाऊ त्या दिवशी मिरजेला निघाला होता. आप्पांनी त्याला बजावून सांगितलं, “पखवाजाची वादी आण, म्हशीच्या कातड्याची.” तो दुकानात जाऊन म्हणाला, “पखवाजाचा पट्टा द्या.” दुकानदाराने पट्टा दिला. रुंद, बक्कल लावलेला, दिंडीत उभ्याने वाजवताना पखवाज गळ्यात अडकवायला लागतो तो. दुकानदाराची यात काडीचीही चूक नव्हती. त्याच्याकडे जे मागितलं तेच त्याने दिलं.

संध्याकाळी आप्पांनी माळ्यावरचा जुना फुटका पखवाज खाली काढला, त्याची वादी उसवली, तिच्या टोकाला चीर पाडली, दुसरं टोक त्यातून ओवून जोड दिला आणि तुटलेली घरं पुन्हा आवळत नेली. मांडीत वाद्य धरून, पाय रेटून वादी ओढायची म्हणजे बोटांची सालं निघतात. आप्पांचं वय तेव्हा साठीपुढचं. कीर्तन उशिरा सुरू झालं, पखवाजाचा सूर हवा तेवढा चढलाच नाही, बुवांनी खाली गाऊन सांभाळून घेतलं. आप्पा भावाला एका शब्दानेही बोलले नाहीत. मी बोलले. त्यावर त्याचं उत्तर, “वादी काय नि पट्टा काय! बेल्ट म्हटलं की सगळ्या जगाला कळतं.” घरातल्या प्रत्येक कार्याला तो हे अजूनही ऐकवतो.

तर तुमचे शब्द. रुंद, सपाट, बहुतेक वेळा बक्कल असलेला तो पट्टा: कंबरेचा, घड्याळाचा, दप्तराचा, कुत्र्याच्या गळ्यातला, चपलेच्या पंजावरून जाणारा. कचेरीतल्या शिपायाला पट्टेवाला म्हणायचे ते त्याच्या अंगावरच्या पट्ट्यावरून. पिठाच्या गिरणीचा पट्टाही पट्टाच, पण तो काही बांधत नाही, चाक फिरवतो.

वादी अरुंद, लांब आणि कातड्याचीच. पखवाज-तबल्याइतकीच ती चपलेतही असते. अस्सल कोल्हापुरी चप्पल खिळे न ठोकता वादीने शिवतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जाहिरातीत ‘हाताने शिवलेली’ एवढंच छापतात, कशाने शिवली ते कुणी छापत नाही. मला याचा राग येतो, कारण चप्पल टिकते ती त्या शिवणीवर.

बंद कापडाचा आणि गाठ मारायचा. झबल्याला बंद असतात, अंगरख्याला असतात. बाराबंदीचं तर नावच त्यावरून पडलं. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात. परकर-लेंग्याच्या नेफ्यातून जाते ती नाडी, तिला बंद म्हणू नका. दागिन्यांत कंबरपट्टा आणि बाजूबंद आहेतच.

जनावरांकडे या, म्हणजे ‘एकाच शब्दात भागतं’ म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा होते. घोड्याचं जीन पोटाखालून आवळतो तो तंग, शेपटीखालून जाते ती दुमची. बैलाच्या गळ्याखालून जाऊन जुवाच्या शिवळेला, म्हणजे खुंटीला, अडकते ती सापती. औत हाकताना कुणी “पट्टा सोड” म्हणालं तर गडी नेमकं काय सोडणार? कासरा, दावं, वेसण हे दोर आहेत, त्यांना तुमच्या यादीत घेऊ नका.

हे शब्द आमच्या भागातले, हेही सांगायला हवं. सापतीला कुठे जुपणी म्हणतात, वादीला कुठे वाधी. तुमच्या गावात वेगळं म्हणत असतील तर तेच बरोबर धरा. आणि सीटबेल्टला सीटबेल्टच म्हणावं. मोटारीबरोबर आलेला शब्द आहे, सगळ्यांच्या तोंडी बसलाय, त्याला ओढूनताणून मराठी नाव देण्यात मला रस नाही.

परीक्षेपुरतं हवं असेल तर पट्टा, बंद, वादी लिहा, गुण मिळतील. दुकानात जाणार असाल तर नेमक्या नावाने मागा आणि तुटलेला तुकडा सोबत न्या. जगाला कळणाऱ्या बेल्टबद्दल माझ्या भावाला एवढंच सांगायचंय की मिरजेच्या त्या दुकानात त्याने बेल्ट मागितला असता, तरी त्याला तोच गळ्यात अडकवायचा पट्टा मिळाला असता.