नाशिक–पंढरपूर सायकलवारी: पहिला दिवस कसा जातो?

आपण विचारले आहे की, रोज 20-25 किलोमीटर सायकल चालवणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाला नाशिकहून पंढरपूरला गटासोबत जाणे झेपेल का आणि वाटेतला एक दिवस प्रत्यक्षात कसा जातो. मी ही वारी तीनदा केली आहे. त्यांपैकी दोनदा सर्वांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना हे पाहण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे मागून दिसलेलाच दिवस सांगतो.

आमचा पहिला टप्पा अहिल्यानगरपर्यंतचा, म्हणजे 150 किलोमीटरच्या पुढचा असतो. पहाटे पाचला गोल्फ क्लब मैदानाजवळून निघून नाशिकरोड आणि शिंदे-पळसे मागे टाकले की उजाडता उजाडता मोहदरी घाट लागतो. घाट लहान आहे, पण अंगात उत्साह असल्याने बहुतेक नवखे दिवसभराची ताकद इथेच खर्च करून बसतात. हलका गिअर टाकावा आणि शेजारच्याशी सलग बोलता येईल एवढ्याच दमाने चढावे. बोलताना धाप लागत असेल, तर आपण कितीही पुढे असलो तरी आपला वेग चुकलेला आहे.

सिन्नरला पोहे-चहा घेऊन नांदूर शिंगोटे, तळेगाव दिघे, लोणी, कोल्हार असा रस्ता धरतो. हा पर्जन्यछायेचा भाग असल्याने जूनमध्येही अनेकदा कोरडा असतो, मात्र पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि आपण आग्नेयेकडे जात असल्याने तो उजव्या अंगाला लागतो. रांगेतल्या मागच्याने किंचित डावीकडे राहिल्यास आडोसा मिळतो, पण आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर कधीही जाऊ देऊ नये, कारण त्याने जरासे हँडल वळवले तरी चाकाला चाक घासून पडतो तो मागचाच.

तळेगावच्या पुढे एका नवख्या सोबत्याची सायकल तीन किलोमीटरांत दोनदा पंक्चर झाली. पहिल्यांदा आम्ही घाईने नवी ट्यूब घातली होती, ती माझी चूक. दुसऱ्यांदा टायर पूर्ण उतरवून आतल्या बाजूने सावकाश अंगठा फिरवला, तेव्हा एका जागी टोचले: तांदळाच्या कणीएवढे बाभळीच्या काट्याचे टोक आत रुतून बसले होते आणि बाहेरून काहीच दिसत नव्हते. ते चिमट्याने ओढून काढेपर्यंत पाच जण आमच्यासोबत उन्हात थांबले होते आणि पुढे जाण्याचा विषय कोणी काढला नाही. ज्या गटात असे थांबणारे नसतील, त्या गटासोबत आपण जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कोल्हार ते राहुरी हा दुपारचा पट्टा सर्वांत कठीण. भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाला केळे किंवा चिक्की खावी आणि मीठ, साखर, लिंबू घातलेले पाणी थोडे थोडे पीत राहावे. जेवणात पिठले-भाकरीही निम्मीच घ्यावी, कारण शेवटी थकलेल्या पायांनी विळद घाट चढायचा असतो. वाटेत एखादी दिंडी भेटली तर आम्ही घंटी न वाजवता खाली उतरतो आणि सायकल हाताने धरून तिच्याबरोबर थोडे चालतो. संत निवृत्तिनाथांची पालखीही त्र्यंबकेश्वरहून नगरमार्गेच पंढरपूरला जाते.

आपल्याला हे झेपेल, पण दोन महिने हातात ठेवा. आधी काही रविवार त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन सुमारे 60 किलोमीटर करा, नंतर शनिवार-रविवार लागोपाठ 80-80 करून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीवर बसताना किती दुखते, त्यावरून सीटची उंची आणि पॅडची पँट ठरवा. सीट नवी घ्यायची असेल तर ती आत्ताच घ्या, निघण्याच्या आठवड्यात मुळीच बदलू नका.