सव्वातीन स्टारचं काय करायचं?

अगं,

तुझा मेल मिळाला, तुझी रोमँटिक कॉमेडी बघितलेल्यांचे सोबतचे फीडबॅक फॉर्मपण सगळे वाचून काढले. एकाला तुझी हिरोईन प्रचंड आवडली, दुसऱ्याला तीच आगाऊ वाटली, तिसऱ्याने नुसतं 'गाणी मस्त' लिहून विषय संपवलाय, आणि तू त्या सगळ्याची सरासरी काढून मला विचारतेयस की सव्वातीन स्टार म्हणजे चांगलं की वाईट. सरासरी सोड आधी. निम्म्या लोकांनी पाच दिलेत आणि उरलेल्यांनी एक नाहीतर दोन, सव्वातीन वाटलेला माणूस त्यांच्यात एकही नव्हता. आकड्यांचं हे असंच असतं, समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर नव्वद टक्के दिसले की लोकांना वाटतं दहापैकी नऊ मार्क पडले, पण त्याचा अर्थ एवढाच की शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत बऱ्यापैकी अनुकूल होतं, मग त्यातले बरेचसे 'एकदा बघायला हरकत नाही' एवढंच म्हणत असले तरी नव्वदच.

रोमँटिक कॉमेडीत मतं जास्त फाटणारच, कारण तिथे दोन कामं एकदम जमावी लागतात. हसू यायला हवं आणि हे दोघं एकत्र यावेत असं बघणाऱ्याला मनापासून वाटायलाही हवं. हसण्याचं तर तुला माहितीच आहे, शेजारचा हसला की आपण हसतो. तुझ्या फॉर्ममध्ये ज्यांनी 'कॉमेडी जमली नाही' लिहिलंय त्यातले किती जण लिंकवरून एकटेच, कानात हेडफोन घालून बघत होते ते बघ जरा, मला वाटतं बरेच निघतील. ती मतं फेकून द्यायची नाहीत, पण खोलीत बसून बघणाऱ्यांच्या मतांत मिसळायचीही नाहीत, दोन गठ्ठे वेगळे ठेव.

दुसरं काम जास्त अवघड, कारण बघणारा कुणाची तरी बाजू धरून बसतो आणि मग त्याला पुढचं सगळं त्याच बाजूने दिसतं. '(५००) डेज ऑफ समर' २००९ मध्ये आला, त्यात ती मुलगी सुरुवातीलाच स्पष्ट सांगते की मला सीरियस काही नकोय, तरी कित्येक प्रेक्षक तिलाच दुष्ट ठरवून मोकळे झाले, कारण गोष्ट त्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते ना. तो रोल करणारा जोसेफ गॉर्डन-लेव्हिट स्वतः म्हणत आलाय की तो मुलगा स्वार्थी आहे, नीट बघा. तरी वाद अजून चालूच, आणि दोन्हीकडच्यांना तेच सीन आठवतात!

आता तुझ्या सिनेमाकडे येते, मुद्दा इथेच आहे. तुझ्याकडच्या तीन तक्रारी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, 'हिरोईन विनाकारण चिडते', 'हिरो बावळट दाखवलाय' आणि 'इंटरव्हलनंतर स्लो आहे'. तुला वाटतंय हे तिघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत, मला वाटतं तिघांनाही एकाच जागी खटकलंय. दुसऱ्या शहरातली नोकरी मिळाल्याचं तो तिच्यापासून लपवतो, पण का लपवतो ते आपल्याला कुठेच दिसत नाही, तो नुसता फोन उलटा ठेवतो आणि तू थेट गाण्यावर कट मारतेस. कारणच कळलं नाही तर तिचा राग उगाचचा वाटणार, तो बावळट वाटणार आणि पुढचा अर्धा तास कुणाला काही पडलेलं नसणार. ज्याला जे जाणवलं ते त्याने लिहिलं. कुठे बोअर झालं हे प्रेक्षक अगदी बरोबर सांगतो, त्यावर उपाय काय हे मात्र त्याला विचारायला जाऊ नकोस, तो 'अजून एक गाणं टाका' म्हणेल.

'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'चं (१९९७) ऐकलंयस का? आधीच्या शेवटात ज्युलिया रॉबर्ट्सच्या पात्राला लग्नातच एक नवीन माणूस भेटतो असं होतं. रिलीजआधी प्रेक्षकांना दाखवला तर त्यांना ते अजिबात रुचलं नाही, हिने दुसऱ्याचं लग्न मोडायचा एवढा घाट घातला आणि हिलाच बक्षीस? मग शेवट नव्याने शूट केला, तिचा मित्र जॉर्ज येतो आणि ती त्याच्याबरोबर नाचते. खटकलं ते प्रेक्षकांना, वाट शोधली ती बनवणाऱ्यांनी.

एअरपोर्टच्या सीनबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने नाही. 'हा तर पिच्छा पुरवणं झालं' असं लिहिणाऱ्यांना तू 'आजकाल लोकांना सगळंच खुपतं' म्हणून बाजूला काढलंस. अगं, तिने दोनदा नाही म्हटलंय आणि तो तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसतो, तिला हो म्हणण्यावाचून जागाच उरत नाही. ज्यांना तो सीन गोड वाटला त्यांचंही खोटं नाही, पण ते आधीच त्या मुलावर फिदा होते, त्यांना तो काहीही करताना गोडच दिसला असता.

आणि 'काळाच्या पुढचा सिनेमा आहे' वगैरे स्वतःला सांगत बसू नकोस. 'ब्रिंगिंग अप बेबी' १९३८ मध्ये पडला आणि आज क्लासिक म्हणतात हे खरंय, पण पडलेले बाकीचे बहुतेक पडलेलेच राहिले.

पुढच्या वेळी दाखवशील तेव्हा स्टार मागूच नकोस. कुठे हसलात, कुठे मोबाईल हातात घेतला, आणि भांडण झालं तेव्हा चूक कुणाची वाटली, एवढंच विचार. स्वतः मागच्या रांगेत बस आणि पडद्याकडे न बघता डोकी बघ. फोनची लाईट कुठे कुठे लागते त्याची वेळ लिहून ठेव, ते फॉर्मपेक्षा खरं असतं. मित्रमैत्रिणींना बोलवायचं असेल तर बोलव पण त्यांचे फॉर्म नको भरून घेऊस, ते तुझ्याकडे बघून लिहितात.

नवीन कट झाला की मला लगेच पाठवू नकोस. मी स्क्रिप्ट वाचलीय, तो का लपवतो ते मला माहितीये, त्यामुळे त्या सीनवर माझं मत आता बाद. ज्यांना काहीच माहिती नाही असे पाच-सहा जण आधी पकड, त्यांचं काय म्हणणं येतंय ते बघू, मग आपण बसू.