‘अ‍ॅसिटाब्युलम’ म्हणजे नेमकं काय? कमरेच्या हाडातल्या खाचेला हे नाव कसं पडलं?

शब्दशः अर्थ सांगायचा तर ‘व्हिनेगरची वाटी’. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅसिटम’ म्हणजे व्हिनेगर (अ‍ॅसेटिक आम्लाचं नावही यावरूनच आलं), आणि ‘-ब्युलम’ हा साधन किंवा जागा दाखवणारा प्रत्यय. रोमन लोकांच्या जेवणात व्हिनेगरसाठी अशी छोटी वाटी असे. पुढे तेच नाव मापालाही मिळालं, साधारण ६८ मिलिलिटरचं.

शरीरात हा शब्द कमरेच्या हाडातल्या खोलगट खाचेसाठी वापरतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात बसतो आणि खुब्याचा सांधा तयार होतो. खाच हुबेहूब वाटीसारखी दिसते, म्हणून हे नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने हा शब्द या खाचेसाठी वापरला आहे, शिवाय ऑक्टोपसच्या चूषकांसाठीही!

पण कल्पना मूळची रोमनांची नाही. ग्रीक लोक याच खाचेला ‘कोटिली’ म्हणत, म्हणजे पुन्हा पेलाच. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ग्रीक योद्धा डायोमिडीझ ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या एनीअसच्या खुब्यावर धोंडा मारतो, तिथे हा शब्द आला आहे.

मला सर्वांत आवडतं ते असं, की या वाटीच्या काठावरच्या कूर्चेच्या कड्याला ‘लेब्रम’ म्हणतात, म्हणजे ओठ. मराठीत मात्र वाटीऐवजी उखळ दिसली, म्हणून आपण शाळेत ‘उखळीचा सांधा’ शिकलो.